अंगणातलं लाल बकआय: तीन वसंतांनंतर

ऑगस्टच्या शेवटी शेजारच्या काकांनी कुंपणापलीकडून हळहळत विचारलं, "झाड गेलं का तुमचं?" गेलं नव्हतं. लाल बकआयची ही दरसालची खोड आहे. पानांवर करपा येतो, तपकिरी डाग पसरत जातात आणि शेजारचा मेपल हिरवागार असताना हे खराट्यासारखं उभं. नर्सरीवाल्याने फुलांचे फोटो दाखवले, हे मात्र सांगितलं नाही.

आम्ही उत्तर कॅरोलिनात, केरीला राहतो. झाड मूळचं अमेरिकेच्या याच आग्नेय भागातलं, त्यामुळे हवामानाचे लाड करावे लागत नाहीत. 2021 च्या नोव्हेंबरात तीन गॅलनच्या कुंडीतलं रोप आणलं. कुंडी काढली तर आत मुळांची वेटोळी. ती सोडवण्यातच दुपार गेली. माती इथली लाल, चिकट. खड्डा खोल न खणता रुंद खणला. चूक माझी झाली ती जागेत: पश्चिमेचं ऊन. जुलैत पानांच्या कडा पापडासारख्या कुरकुरीत! हे मोठ्या झाडांखाली वाढणारं झाड. पुढच्याच हिवाळ्यात, सोटमूळ खोल जायच्या आत, ओकच्या सावलीत हलवलं. हरणं याला तोंड लावत नाहीत, होस्टा (सावलीत वाढणारी, शोभेच्या पानांची रोपं) मात्र फस्त करतात.

आणि एप्रिल! पानं आधी मिटलेल्या छत्रीसारखी लोंबतात, उघडली की पाच बोटांचा पंजा, थेट काटेसावर. मग वीतभर उभे तुरे, पांगाऱ्याची आठवण करून देणारे लाल. 2023 मध्ये दोनच आले, यंदा सतरा मोजले. दक्षिणेतून हमिंगबर्ड परततात तेही याच सुमारास. चहा निवेपर्यंत एक पक्षी एकाच तुऱ्यावर, खालून वर, एकेक फूल चाचपत होता.

सप्टेंबरात उघड्या फांद्यांवर बोंडं तडकतात. आत तेल लावल्यासारखी चकचकीत तपकिरी बी, तिच्यावर फिकट ठिपका. हरणाच्या डोळ्यासारखी दिसते म्हणून हे नाव. सांगलीहून आलेल्या आईने पाच वेचल्या आणि डेकवर बसून सागरगोटे खेळायला लागली. खेळायला हरकत नाही, पण बी विषारी. इथले आदिवासी ती ठेचून पाण्यात टाकत आणि मासे गुंगवत, आपल्याकडे गेळफळ वापरतात तसं. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर बिया रोज वेचा.

रुजवायची असेल तर ताजीच पेरा, सुकली की कामातून गेली. आईच्या पाचांतल्या तीन उगवल्यात. त्यातली एकही मी समोरच्या दाराशी लावणार नाही.