स्वस्तातला ओबीडी स्कॅनर, टर्बो डिझेल पिकअप आणि चोर्ल्याचा चढ : वापरानंतरचा अनुभव

हजाराच्या आतलं ब्लूटूथ ओबीडी यंत्र (गाडीच्या पोर्टात लावलं की इंजिनाच्या संगणकातली माहिती फोनवरच्या ॲपमध्ये दाखवतं) हिवाळ्यापासून आमच्या टर्बो डिझेल पिकअपवर वापरतोय. गाडी बेळगावची भाजी घेऊन गोव्यात उतरते आणि येताना नारळ भरून चोर्ला घाट चढते, त्यामुळं इंजिनात काही बिनसलं तर घाटाखालचं साखळी गाव सोडल्यावर कळतंच. नुसते बिघाडाचे कोड वाचायला हे घेत असाल तर घेऊ नका. लाइव्ह डेटासाठी, म्हणजे इंजिन चालू असताना सेन्सरचे आकडे बघायला घ्या.

आमची तक्रार म्हणजे चढाला गाडी ओढेना, मागं काळा धूर आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा. कोड आला पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोनं इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) कमी. ऑटोनगरातल्या एका मेस्त्रीनं तो बघितला आणि "टर्बो होग्यादरी" म्हणून मोकळा झाला. खरं हा कोड टर्बो गेला असं म्हणतच नाही. पाहिजे तेवढा दाब इंजिनापर्यंत पोचेना, एवढंच म्हणतो. नवा टर्बो बसवायचा म्हणजे हजारांत खर्च, म्हणून आधी आकडे बघायचं ठरवलं.

पहिला तपास घरासमोरच होतो. इंजिन बंद, चावी ऑन, आणि एमएपी सेन्सरचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आकडा बघायचा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, म्हणून इथं ९२-९३ किलोपास्कल यायला हवेत. गोव्यात किनाऱ्यावर १०१च्या आसपास. बेळगावात उभ्या गाडीला १०१ दिसले तर सेन्सरच खोटं बोलतोय. आमचा बरोबर निघाला.

मग भरलेली गाडी घाटात घातली. भाचा शेजारी फोन घेऊन बसला (चालवणाऱ्यानं आकडे बघायचे नाहीत, चोर्ल्याची वळणं तशी नाहीत). एमएपी १४०च्या वर जाईना. याच चढाला निरोगी असताना आमची गाडी २००च्या पुढं जाते. रेल प्रेशर (इंजेक्टरांना मिळणाऱ्या डिझेलचा दाब) मात्र व्यवस्थित चढत होतं, म्हणजे डिझेल फिल्टर आणि पंप सुटले. ॲप ते किलोपास्कलमध्ये दाखवतं, शंभरानं भागलं की बार. खरी गंमत एमएएफमध्ये होती. आत येणारी हवा मोजणारा, एअर फिल्टरमागचा हा सेन्सर भरपूर हवा आत आल्याचं सांगत होता, आणि पुढं दाब नाही. आत आलेली हवा वाटेतच कुठंतरी निसटत होती. फिल्टर चोंदला असता किंवा टर्बो फिरत नसता तर एमएएफही पडला असता.

इंटरकूलरपासून (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) इंजिनाकडं येणारा रबरी पाइप खालच्या अंगानं चिरला होता. आयडलला, नुसतं इंजिन चालू ठेवल्यावर, काही कळत नव्हतं. दाब आला की चीर उघडायची. तिथं तेलकट ओल होती, कमी दाबाची हवा सोडून साबणाचं पाणी लावल्यावर फेस आला. पाइप आणि क्लॅम्प बदलले, पुढच्या खेपेला २०० पार. टर्बो अजून तोच आहे.

पावसाळ्यात पुन्हा ओढ कमी झाली. या वेळी धूर नाही, दिवा नाही, कोडही नाही. एमएएफ आणि एमएपी दोन्ही ठीक, फक्त ॲक्सिलरेटर दाबून धरला की रेल प्रेशर घसरायचं. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचलं होतं. कोड वाचण्यापुरतं यंत्र असतं तर इथं काहीच हाती लागलं नसतं.

उणिवा सांगायच्या तर आहेत. एकदम दहा आकडे लावले की सगळेच रेंगाळतात, तीन-चारच निवडा. यंत्र पोर्टात विसरलं तर बॅटरी हळूहळू उतरते, आणि आमच्या गाडीत पोर्ट असा खाली आहे की क्लच दाबताना गुडघा लागतो. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणाचे साठवलेले आकडे) स्क्रीनशॉट घ्या, कोडबरोबर तीही जाते.

ईसीयूनं (इंजिनाच्या संगणकानं) किती बूस्ट मागितला, टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा ॲक्च्युएटर कोणत्या स्थितीत आहे, हे आमच्या ॲपला दिसत नाही. त्यासाठी कंपनीचा स्कॅनर लागतो. २०२० नंतरची बीएस६ गाडी असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदल्यानंही ताकद जाते, म्हणून विकत घेण्याआधी तुमच्या मॉडेलचा डीपीएफचा डेटा ॲपमध्ये येतो का, ते दुकानदाराकडून गाडीला लावूनच बघून घ्या.