जामा मशीद, शेख मेमन स्ट्रीट: ठाणेकरांनी तळ्यासाठी तरी जावं

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मी कळव्याचा. सगळी नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात झाली, म्हणजे पंप, पाइप आणि गळती. त्यामुळे जुनी इमारत बघायला गेलो की लोक मान वर करून नक्षी बघत असतात आणि मी खाली वाकून पाया कुठवर ओला झालाय ते बघतो. अशा माणसासाठी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीसारखी दुसरी जागा नाही. इथे पायाशी पाणीच आहे. गळतीचं नव्हे, आतल्या झऱ्यांचं.

ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसएमटी गाठावं आणि चालत सुटावं. मशीद नावाचं स्टेशन आहे म्हणून स्लो पकडून तिथे उतरण्याची गरज नाही. ते नाव जवळच्या ज्यू लोकांच्या १७९६ सालच्या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात. जुने लोक त्यालाही मशीदच म्हणायचे. क्रॉफर्ड मार्केटसमोरून शेख मेमन स्ट्रीटला लागलं की हातगाड्या, डोक्यावर कापडाचे तागे घेतलेले हमाल आणि होलसेलचं गिऱ्हाईक यांच्यातून वाट काढायची. मशिदीच्या तळमजल्याला चारी बाजूंनी दुकानं असल्याने ती चटकन ओळखूच येत नाही. इतकी मोठी वास्तू दुकानांच्या पाट्यांमागे लपून बसलीय.

बरोबर माझा मुंब्र्याजवळच्या कौशाचा मित्र होता. मूळचा म्हसळ्याकडचा, कोकणी मुसलमान, माझ्याच खात्यात होता. ही मशीद कोकणी मुसलमानांनी उभी केली, त्यामुळे तो मला घरचं दाखवल्यासारखं सगळं दाखवत होता. मिसेसने आधीच सांगून टाकलं होतं, "तुम्ही दोघं दगड बघा, मी मंगलदासमध्ये ब्लाउजपीस बघते." मंगलदास मार्केट समोरच आहे, तेव्हा घरातल्या कुणाला मशिदीत रस नसला तरी गाऱ्हाणं येत नाही. मात्र रविवारी ते बंद असतं.

पूर्वेच्या दाराने आत गेलं की अंगण लागतं आणि अंगणापलीकडे थेट तळं. प्रार्थनेचं तोंड मक्केकडे, आपल्याकडून ते पश्चिमेला, म्हणून दार पूर्वेला. दोन पावलांपूर्वी कानाशी हॉर्न वाजत होते आणि इथे दगडी पायऱ्या उतरून हिरवट पाण्याशी बसता येतं. पाण्यात मासे आहेत, कासवंही आहेत. लोक वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, खाली आले की मासे पायांजवळ गोळा होतात. आमच्यासमोर एक शाळकरी मुलगा एक पाय धुवून दुसरा धुवायचं विसरून माशांकडे बघत राहिला होता. शेवटी त्याच्या आजोबांनी टपली मारली.

आता माझा आवडता भाग. मशिदीचा मुख्य भाग तळ्याच्या काठावर नाही, तळ्यातून वर आलाय. पाण्यातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी उठतात आणि वरचा सगळा भार त्यांच्यावर आहे. १९०९ च्या मुंबई गॅझेटियरात, म्हणजे सरकारी माहितीग्रंथात, या कमानी १८७४ च्या, म्हणजे मूळ मशिदीनंतरच्या, आणि पायऱ्या व काठाचं बांधकाम १८९३ चं दिलंय. पाण्याची खोली दहा फुटांच्या आसपास. दगड आपल्या पारसिकच्या डोंगरासारखाच, काळा पाषाण. त्याला दाबाचं भय नाही आणि पाण्याचंही फारसं नाही. कमानीत सगळा भार दाबाचाच असतो, ताण जवळपास नाहीच, म्हणून दगडात लोखंड न घालता हे उभं राहतं. त्रास होतो तो सांध्यांना, आणि त्यातही पाण्याची पातळी जिथे खालीवर होते त्या पट्ट्यात. कायम बुडालेलं टिकतं, कायम कोरडं टिकतं, मधलं झिजतं. मी बराच वेळ तो पट्टा बघत बसलो. मित्र म्हणाला, "अरे, इन्स्पेक्शनला आलायस की बघायला?" दोन्हीला, म्हटलं.

वरचा मजला कोकणी व्यापारी मोहम्मद अली रोगे यांनी चढवला. चीनच्या व्यापारात जमशेटजी जीजीभॉयचे भागीदार होते ते हेच. वर लाकडी खांबांच्या पाच रांगा असून प्रत्येक खांबात धर्मग्रंथ ठेवायला जागा असल्याची नोंद त्याच गॅझेटियरात आहे. वर मी फार रेंगाळलो नाही, एकदोघे शांतपणे वाचत बसले होते.

बांधकाम १७७५ च्या सुमारास सुरू झालं आणि तंट्यांत अडकत १८०२ ला पुरं झालं. म्हणजे रखडलेलं काम ही मुंबईची आजची खोड नाही. पूर्ण झाल्याचं साल 'जहाज-ए-आखिरत' या नावात भरून ठेवलंय. परलोकीचं जहाज, पाण्यावर उभ्या इमारतीला शोभणारं नाव. यात आकडे कसे ते मित्राने चहाच्या टपरीवर बिलाच्या मागे लिहून दाखवलं. प्रत्येक अरबी अक्षराला किंमत असते. जीम ३, हे ५, अलिफ १, झे ७, झाले १६. पुढे अलिफ १, खे ६००, रे २००, ते ४००, म्हणजे १२०१. बेरीज १२१७. हिजरी १२१७ म्हणजे इसवी १८०२. मी मोबाइलवर पुन्हा बेरीज करून बघितली. सवय.

ठाणेकरांनी तळ्यासाठी जावं असं म्हणतो त्याचं कारण वेगळंच आहे. आपण तलावांच्या शहरातले म्हणवतो, मासुंद्याच्या काठी कोपिनेश्वराला जातो, संध्याकाळी कणीस खात फिरतो. मुंबईतही अशी तळी होती. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक. बुजवली, नावं बसच्या पाट्यांवर उरली. ज्या गल्लीत हातगाडी वळवायला जागा नाही तिथे एक तळं अजून पाणी धरून आहे, ते केवळ डोक्यावर मशीद आहे म्हणून. नाहीतर त्या जागेचं काय झालं असतं ते सांगायला बिल्डर लागत नाही.

आता व्यवहाराचं. प्रवेश फुकट. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, आणि इतर दिवशीही नमाजाच्या वेळा सोडून जा. आम्हाला सकाळची अकराची वेळ बरी पडली. दारावर विचारून आत जायचं, फोटोचंही तिथेच विचारायचं. नमाज पढणाऱ्यांसमोरून आडवं जायचं नाही. हाफ पँट नको. बायकांना कुठपर्यंत जाता येतं ते दारावर आधी विचारून घ्यावं, मिसेस आत आलीच नाही त्यामुळे आमच्यावर ती वेळ आली नाही. चपला काढाव्या लागतात, आणि दुपारी अंगणातली फरशी चांगलीच तापते. तळव्यांची काळजी असेल तर मोजे घाला. गुडघे दुखत असतील तर तळ्याच्या पायऱ्यांना जपा, शेवटच्या दोन-तीन ओल्या असतात आणि धरायला काही नाही.

तिथून मुंबादेवी पाचेक मिनिटांवर, झवेरी बाजारातून. आम्ही तिघंही गेलो. मित्र बाहेर पेढेवाल्याशी गप्पा मारत थांबला आणि आम्ही बाहेर येईपर्यंत त्याने अर्धा किलो पेढे घेऊन ठेवले होते.

अर्धा स्टार माहितीसाठी कापला. तळ्याचं, कमानींचं, १८०२ चं काही सांगणारा फलक आम्हाला कुठे दिसला नाही. मराठी, उर्दू, इंग्रजी, तीन भाषांत दहा ओळी पुरतील. बरोबर मित्र नसता तर मी पाणी बघून, कमानी मोजून परत आलो असतो आणि त्या जहाजाबद्दल काहीच कळलं नसतं. तुमचा कौशाचा मित्र नसेल तर दारावरच्या वयस्कर माणसांपैकी कुणाशी तरी बोला. कोकणातले निघाले तर मराठीतच सांगतील, आणि मग लवकर सोडणार नाहीत.