पाय पसरायला ऊब लागते : गरम पाण्याच्या पिशवीसोबत पाच महिने

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन लिटरची रबरी पिशवी घरात आली आणि आता मार्च सरत आलाय. मध्ये चार रात्री बाहेरगावी होते, तेवढ्या सोडल्या तर ती रोज माझ्या पांघरुणात होती. नव्याचे नऊ दिवस कुठल्याही वस्तूचं कौतुकच वाटतं, म्हणून मुद्दाम अख्खा हिवाळा जाऊ दिला आणि मग लिहायला बसले.

माझा त्रास साधा होता. अंगावर दोन पांघरुणं, खिडक्या बंद, तरी पाय बर्फासारखे. एक पाऊल दुसऱ्या पोटरीला लागलं की दचकायला व्हायचं. गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचं, बारा वाजायचे, एक वाजायचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. माझं अंथरूण लांबीला पुरेसं होतं, पण त्याचा खालचा अर्धा भाग इतका गार असायचा की तिकडे पाय न्यावेसेच वाटत नसत.

पहिल्याच रात्री फरक पडला. झोपायच्या वीस मिनिटं आधी पिशवी पायथ्याशी सरकवली आणि नंतर आत शिरले, तर जागा आधीच ऊबदार झालेली. पाय सरळ झाले, खांदे सैल पडले, आणि झोप कधी लागली ते कळलंच नाही. हा योगायोग नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या कुर्ट क्रॉइशी या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक छोटा अभ्यास छापला होता. झोप किती लवकर लागणार, याचा सगळ्यांत चांगला अंदाज हातापायांतल्या रक्तवाहिन्या किती मोकळ्या झाल्यात त्यावरून येतो, असं त्यांना दिसलं. झोपेकडे जाताना शरीराला आतली उष्णता थोडी बाहेर टाकायची असते आणि ती तळहात-तळपायांच्या वाटेनं जाते. पाय गारठलेले असले की त्या वाहिन्या आकसतात आणि वाट बंद होते. म्हणजे पाय शेकायचे ते शरीर आतून जरा निवावं म्हणून! हे वाचल्यापासून मला पिशवी ऊब पुरवणारी कमी आणि वाट मोकळी करणारी जास्त वाटायला लागली.

ऊब किती वेळ टिकते, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. डिसेंबरातल्या एका रात्री मी थर्मामीटर घेऊन बसले. साडेदहाला भरताना पाणी ६० अंश होतं. अडीचला जाग आली तेव्हा ४३, सकाळी सहाला ३६. पांघरुणाबाहेर ठेवली असती तर फार लवकर निवाली असती, यात शंका नाही. पाण्याचा हा गुण मला खरंच थोर वाटतो. तेवढ्याच वजनाचं लोखंड तेवढंच तापवलं तर त्यात पाण्याच्या जेमतेम नवव्या हिश्शाइतकी उष्णता मावते. पूर्वी लोक तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून अंथरुणात ठेवत. तिच्यातही वजनाला वजन धरलं तर पाण्याच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकीच. पिशवी दोन तृतीयांश भरली की साधारण १.३ लिटर पाणी होतं. ते १५ अंशांवरून ६० वर न्यायला लागणारी ऊर्जा १५०० वॅटचा खोली तापवायचा हीटर पावणेतीन मिनिटांत खाऊन टाकतो. हा हिशेब मी दोनदा करून पाहिला, कारण पहिल्यांदा विश्वासच बसेना. पावणेतीन मिनिटांच्या विजेवर अख्खी रात्र पाय ऊबदार राहतात.

आता भरण्याबद्दल, कारण पिशवीचं सगळं सुखदुःख तिथंच ठरतं. उकळतं पाणी घालायचं नाही. त्यानं रबर लवकर म्हातारं होतं, आणि भरताना हातावर उडालं तर दुखणं निराळंच. मी पाणी तापवते, गॅस बंद करते आणि त्यात गार पाणी मिसळते. पिशवीची मान एका हातात घट्ट धरायची आणि पाणी अगदी बारीक धारेनं सोडायचं. घाईनं ओतलं तर आतली हवा त्याच तोंडातून वर यायला बघते आणि पाणी भसकन बाहेर येतं. दोन तृतीयांश झालं की थांबायचं. मग खरं महत्त्वाचं काम असतं. पिशवी टेबलावर टेकवून मान वर धरायची आणि पोटावर तळहातानं हळूहळू दाबत जायचं. आतून फुस्स आवाज येत राहतो, पाणी मानेत चढत येतं, आणि ते काठाशी चमकलं की त्याच क्षणी बूच बसवून फिरवायचं. हवा गेलेली पिशवी मऊ, लोळागोळा असते आणि पावलांच्या आकाराप्रमाणे बसते. हवा राहिलेली पिशवी फुगलेल्या उशीसारखी टणक होते, पायाखालून घरंगळते, आणि कूस बदलली की मध्यरात्री गुडगुडते. आमच्या लेकीनं या आवाजावरून तिचं नाव पोटोबा ठेवलंय. आता घरात तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. ‘पोटोबाला पाणी पाजलं का?’ असं रोज रात्री विचारलं जातं.

जानेवारीत एकदा घोटाळा झाला. रात्री दोनच्या सुमाराला पायाला ओल लागली. उठून बघते तर चादर, गादी आणि पांघरुणाचं टोक भिजलेलं. पाणी कोमट होतं, म्हणून भाजलं नाही. पिशवी फाटली असं धरूनच मी ती रिकामी केली, पण फुगवून पाण्यात बुडवली तर कुठूनही बुडबुडा नाही. सकाळी उजेडात बूच उघडून वायसर नीट पाहिला, तेव्हा त्याच्या कडेला लोकरीच्या खोळीचा एक धागा चिकटलेला दिसला. केसाएवढा धागा! त्यानं वायसर बसत नव्हता आणि तेवढ्या फटीतून वजनाखाली थेंब थेंब पाणी झिरपत राहिलं. तेव्हापासून बूच लावण्याआधी वायसरवरून आणि मानेतल्या आट्यांवरून बोट फिरवते. बूच लावल्यावर पिशवी उलटी करून मोरीत दहा आकडे मोजते. त्यानंतर एकही थेंब सांडलेला नाही. बूच जिवाच्या आकांतानं आवळायचीही गरज नसते. उलट त्यानं वायसर चेपतो आणि पुढे खरंच गळायला लागतो.

खोळीशिवाय पिशवी वापरू नका, हे मी कळकळीनं सांगते. ६० अंशाला कातडी काही सेकंदांत भाजते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ४४ अंश, म्हणजे हाताला ‘छान गरम’ वाटणारं पाणी, तेही सहाएक तास एकाच जागी टेकलेलं राहिलं तर भाजतं. हे १९४७ साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी मोजून दाखवलंय. मलाही धडा मिळाला. फेब्रुवारीत कंबर धरली होती, तेव्हा काम करताना रोज तीन-चार तास पिशवी पाठीशी घेऊन बसायचे. दहा-बारा दिवसांनी तिथं लालसर-तपकिरी जाळी उमटली. दुखत नव्हती, खाजत नव्हती. सतत शेकल्यानं होणारी ही खूण आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि थांबायला लावलं. महिन्याभरात ती बरीच फिकी झाली. आता शेक पंधरा-वीस मिनिटंच.

सासूबाईंसाठी तर आम्ही रीतच वेगळी केली. त्यांना मधुमेह आहे आणि पावलांतली संवेदना कमी झालीय. गरम किती ते त्यांना कळत नाही आणि थंडी मात्र हाडांत शिरते. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘अगं, ती तुझी पिशवी मला दे की.’ माझा जीव द्यावी की न द्यावी असा झाला. मग तोडगा काढला. त्यांच्या झोपायच्या अर्धा तास आधी पिशवी त्यांच्या अंथरुणात पायथ्याशी ठेवायची, त्या यायच्या आधी काढून घ्यायची, आणि त्यांना लोकरीचे मोजे घालून त्या ऊबेत झोपवायचं. मी रोज हात घालून जागा बघते. ‘आई, या आता,’ म्हटलं की त्या येतात, पाय आत सरकवतात आणि डोळे मिटून नुसतं ‘हं’ म्हणतात. मला या पिशवीचं याहून मोठं कौतुक सांगता येणार नाही.

पिशवीचा इतिहासही मला आवडला. आज आपण वापरतो त्या घडणीच्या पिशवीचं पेटंट १९०३ मध्ये एदुआर्द पेनकाला यांनी घेतलं, असं सांगतात. क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये राहणारा हा माणूस पुढे पेन्सिली आणि शाईच्या पेनांसाठी नावाजला. शिसं पुढे सरकवता येणारी त्याची यांत्रिक पेन्सिल १९०६ ची. १९२२ च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, पन्नाशीतच तो न्यूमोनियानं गेला. हे वाचलं त्या रात्री पिशवी भरताना त्याची फार आठवण झाली. पण त्याच्याही आधी रबर माणसाळावं लागलं होतं. मॅकिंटॉशचे रबर लावलेले पावसाळी कोट १८२० च्या दशकात निघाले खरे, पण ते कच्चं रबर थंडीत कडक व्हायचं आणि उन्हात चिकट. असल्या रबरात गरम पाणी ओतायचं म्हणजे विचारायलाच नको. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरच्या हाती गंधक मिसळून रबर तापवण्याची युक्ती लागली आणि ते दोन्ही ऋतूंत तसंच राहू लागलं. तो मात्र कर्जात बुडूनच मेला, १८६० मध्ये.

माझ्या तक्रारी दोनच. पहिले आठ-दहा दिवस रबराचा वास येतो. कोमट पाण्यानं दोनदा धुऊन, तोंड उघडं ठेवून सावलीत टांगली की हळूहळू जातो. दुसरी तक्रार गंभीर आहे. पिशवीच्या मानेजवळ एक नक्षीचं फूल कोरलेलं होतं आणि मला ते शोभेचं वाटलं होतं. तो शिक्का असतो. मधले दोन आकडे म्हणजे बनवल्याचं वर्ष, बारा पाकळ्या म्हणजे महिने, आणि पाकळीतले ठिपके म्हणजे आठवडे. ठिपके असलेली शेवटची पाकळी बघायची. मी डिसेंबरात भिंग घेऊन वाचलं तर पिशवी त्याआधीच्या वर्षीच्या सप्टेंबरातली निघाली, म्हणजे घेतली तेव्हाच चौदा महिन्यांची. बरी दिसली तरी साधारण दोन वर्षांनी बदलावी, असं सांगतात. नैसर्गिक रबर पडून राहिलं तरी आतून म्हातारं होत असतं. माझ्या पिशवीचा निम्म्याहून जास्त काळ दुकानाच्या फळीवर गेला आणि विकणाऱ्यानं अवाक्षर काढलं नाही. फूल बघितल्याशिवाय पिशवी घेऊ नका. आणि रबराला तेल सोसत नाही, तेव्हा पायांना तेल चोळलं असेल तर आधी मोजे घाला.

काल तिचं पाणी शेवटचं काढलं. खोळ धुतली. पिशवी उलटी टांगून दोन दिवस वाळवणार, मग थोडी हवा भरून, म्हणजे आतल्या भिंती एकमेकींना चिकटणार नाहीत, कपाटात वरच्या फळीवर ठेवणार. तिच्यावर काही ठेवायचं नाही, असं लेकीला बजावून ठेवलंय. येत्या सप्टेंबरात तिला दोन वर्षं पुरी होतील. म्हणजे पुढच्या थंडीला नवी घ्यायला हवी, आणि दोन घेणार आहे. एक सासूबाईंच्या अंथरुणासाठी वेगळी. लेकीला नवीचं नाव आत्ताच ठरवायचंय, मी म्हटलं, आधी पाकळ्या मोजू.