समजलं की नाही, तासातच कसं ओळखायचं: बोटं, पाटी, चिठ्ठी की कार्डं?

"समजलं का?" विचारलं की वर्ग एका सुरात "हो बाई" म्हणतो. त्यातून काहीच कळत नाही. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात, तिथे प्रत्येक मुलाचं उत्तर दोन मिनिटांत दिसेल तीच पद्धत कामाची.

बोटं सर्वांत झटपट. फळ्यावर प्रश्न आणि पर्याय लिहा, थोडं थांबा, मग इशारा होताच सगळ्यांनी पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटं एकदम दाखवायची. हात छातीशीच धरायला लावा. वर केले की मागची मुलं पुढच्यांचं बघतात. खर्च शून्य, पण सगळी मदार पर्यायांवर. 'सर्वांत जास्त कापूस कोणाचा: 12.4, 12.62 की 12.385 किलो?' 12.385 म्हणणारं मूल दशांश चिन्हापुढचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचतं. 12.4 म्हणणाऱ्याला वाटतं, आकडे कमी तितकी संख्या मोठी. दोघांना वेगळं शिकवावं लागेल.

पाटीवर चूक जशीच्या तशी दिसते, म्हणून गणित आणि शुद्धलेखनाला आमची पसंती तिलाच. 52 − 27 ला कोणी 35 लिहिलं, तर 7 मधून 2 वजा केले हे लगेच कळतं. बोटांनी ते कळलं नसतं. लिहून झालं की पाटी पालथी, "दाखवा" म्हटल्यावरच वर. ओला फडका प्रत्येक रांगेत हवा, नाहीतर पुसण्यातच वेळ जातो.

चिठ्ठी तास संपताना. वहीचं पाव पान, एकच प्रश्न, नंतर तीन गठ्ठे: बरोबर, अर्धवट, चूक. उद्याचे गट पाडायला उत्तम, आजच्या तासाला मात्र उशीर झालेला असतो. मेळघाटात घरी कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलाची चिठ्ठी कोरी आली, तर अडचण मराठी लिहिण्याची असू शकते. त्याला चित्र काढू द्या, नाहीतर तोंडी विचारा.

प्लिकर्स या मोबाइल ॲपची, खूण असलेली छापील कार्डं मुलं निवडलेल्या पर्यायाची बाजू वर येईल अशी फिरवून धरतात आणि बाईंच्या एकाच मोबाइलचा कॅमेरा उत्तरं टिपतो. मुलागणिक नोंद राहते. पण नेटवर्क लागतं, बोटाखाली खूण झाकली की कार्ड वाचलं जात नाही, आणि चकचकीत लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड पडला तरी तेच. पट मोठा आणि नेटवर्क भरवशाचं असेल तरच या वाटेला जा.

एकच निवडायची तर पाटी घ्या. पाट्या नसतील तर बोटं. एक तृतीयांशाहून जास्त मुलं चुकली, तर तेच पुन्हा न सांगता काड्या-मणी काढून दुसऱ्या तऱ्हेने शिकवा. दोघं-तिघंच चुकली, तर बाकीच्यांना स्वाध्याय देऊन त्यांना जवळ बसवा.