काळी नदीच्या मुखावर कयाकिंगचे दोन दिवस: एक अभिप्राय

बेळगाव, खानापूरकडून कारवारला उतरणारे बरेचसे पर्यटक किनाऱ्याजवळ थोडा वेळ कयाक वल्हवतात आणि परततात. सदाशिवगडच्या बाजूला एक लहानशी संस्था शनिवार-रविवार असे जे प्रशिक्षण देते, त्याचा विषय निराळा आहे. काळी नदी समुद्राला मिळते तिथे भरती-ओहोटीच्या ओढीत नाव कशी आवरायची, हे तिथे शिकवले जाते. शुल्क साध्या फेरीच्या मानाने बरेच अधिक आहे. तरीही शिकवण्याचा दर्जा पाहता मला ते योग्य वाटले. तारखा ठरवण्याच्या पद्धतीबद्दल मात्र माझी तक्रार आहे.

पहिल्या दिवशी सकाळी नाव पाण्यात लोटण्याआधी प्रशिक्षकांनी सर्वांना भरतीच्या तक्त्यासमोर बसवले. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा आपण लहानपणापासून एकाच दिशेने वाहताना पाहतो, त्यामुळे दिवसातून चार वेळा दिशा पालटणारे पाणी आपल्या अंगवळणी पडलेले नसते. भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते, पण पाणी सर्व वेळ सारख्या गतीने चढत-उतरत नाही. एकूण फरकाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात एक भाग पाणी सरकते, असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांत जाते आणि ओढही तेव्हाच सर्वांत जास्त असते. मुंबईला उधाणात, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, पाणी चार मीटरांहून अधिक चढते, त्या मानाने कारवारचा फरक पुष्कळ कमी. पण एवढ्या मोठ्या खाडीचे पाणी अरुंद मुखातून बाहेर पडत असल्यामुळे ओहोटीला तिथेही जोर येतो, आणि नदीचे स्वतःचे पाणी त्यात भर घालते. सराव केलेला माणूस लांब पल्ल्यावर कयाक ताशी पाच-सहा किलोमीटरने नेतो. समोरून तेवढीच ओढ आली, तर कितीही वल्हवले तरी तो जागच्या जागी राहतो. हे गणित आधी पटवून दिल्यामुळे नंतरची प्रत्येक सूचना कळत गेली.

या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग खडकांजवळचा होता. ओहोटीचे पाणी खडकाला वळसा घालून पश्चिमेकडे धावते आणि खडकाच्या आडोशाला उलटे फिरते. तिथे फेसाचे पुंजके आणि वाळकी पाने चक्क नदीच्या वरच्या दिशेने सरकत होती. या दोन पाण्यांच्या मधोमध शिवणीसारखी एक रेघ दिसते. संथ बाजूने ती ओलांडताना नावेचे नाक धावत्या पाण्यात शिरते आणि नाव एकदम खालच्या अंगाला वळते. घाबरलेला माणूस त्या क्षणी आपसूक प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला झुकतो. मग पाणी प्रवाहाकडच्या कडेवर चढते आणि नाव उलटते. झुकायचे ते पाणी ज्या दिशेला चालले आहे त्या बाजूला, गुडघ्याने नावेची प्रवाहाकडची कड उचलून धरत. प्रशिक्षक स्वतः खालच्या बाजूला थांबून हे पुन्हा पुन्हा करून घेत होते आणि कोणावरही आवाज चढवत नव्हते. पुलाच्या खांबांजवळ मात्र त्यांनी कोणालाही फिरकू दिले नाही, कारण प्रवाह नावेला खांबावर दाबून धरतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये जुना पूल नदीत कोसळल्याचे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा ही खबरदारी मला विशेष महत्त्वाची वाटली.

नावा सुमारे पाच मीटर लांब, अरुंद आणि पुढे-मागे बंद कप्पे असलेल्या, म्हणजे खऱ्या अर्थाने समुद्री कयाक आहेत. ओढून नेण्याचे दोर आणि पाणी उपसण्याचे पंप जागच्या जागी होते. लाइफ जॅकेट मात्र लहान चणीच्या माणसांना सैल होतात, आणि सैल जॅकेट पाण्यात गळ्याशी वर सरकते. संस्थेने यात तातडीने सुधारणा करावी.

रविवारी नदीच्या मुखाबाहेर जाण्याचा बेत होता. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे निघायलाही उशीर झाला आणि तोवर पश्चिमेचा वारा सुटला. बाहेर पडणाऱ्या ओहोटीवर समोरून वारा आला की लाटा उंच, आखूड आणि उभ्या होतात. प्रशिक्षकांनी दुरून ते पाणी दाखवले आणि बेत रद्द करून सर्वांना आतल्या खाडीत नेले. काही जण नाराज झाले, परंतु माझ्या दृष्टीने संस्थेवर विश्वास टाकावा असे वाटण्याचे हेच मोठे कारण आहे.

आता तक्रार. नोंदणी करताना कोणता शनिवार उधाणाचा आणि कोणता भांगाचा, म्हणजे लहान भरतीचा, हे सांगितले जात नाही. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस ओढ जोराची असते, तर अष्टमीच्या सुमारास बेताची. दोन्हींचे शुल्क सारखे, वर्णनही सारखे. परिणामी कधीच वल्हे न धरलेला माणूस उधाणाच्या शनिवारी येऊन पोहोचतो. तेव्हा नवख्यांनी घरातल्या कॅलेंडरवर तिथी पाहून अष्टमीजवळचा शनिवार मागून घ्यावा. राकसकोप जलाशयासारख्या स्थिर पाण्याकाठी राहून ज्यांना फक्त पोहता येते, त्यांनी तर हे नक्कीच करावे. ज्यांचा हात बसला आहे, त्यांनी उधाणाचे दिवस निवडावेत आणि मधल्या दोन तासांत खडकांजवळचा सराव मिळेल ना, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. पावसाळ्यात हे प्रशिक्षण बंद असते. अणशी घाटाने जाणाऱ्यांनी शुक्रवारीच मुक्कामाला पोहोचावे, कारण शनिवारची वेळ भरतीवर ठरते आणि उशिरा येणाऱ्यांसाठी कोणी थांबत नाही.