दारू सोडवणाऱ्या केंद्रात पैसे भरण्याआधी हे वाचा

धाकट्या भावाची दारू सुटावी म्हणून त्याला कोल्हापूरजवळच्या एका ख्रिस्ती पुनर्वसन केंद्रात ठेवलं. फक्त पुरुषांसाठी, सहा महिने निवासी, पैसे सगळे आगाऊ. तिथल्या एका तरुणाने चर्चमध्ये साक्ष दिली होती, म्हणजे आपण कसे सावरलो ते सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ती ऐकून आई लगेच तयार झाली. मी स्वतः विश्वासणारा आहे. प्रार्थनेने सावरलेली माणसं मी पाहिलीत, म्हणूनच या लोकांचा जास्त राग येतो.

दाखल करतानाच तिथल्या ब्रदरनी डॉक्टरांच्या गोळ्या काढून घेतल्या. "इथं फक्त प्रभूचं औषध." महिनाभर फोन नाही, भेट नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, मग भ्रम, ताप. उपचार नसेल तर माणूस दगावतोही. भावाला फिट आली. डॉक्टर सोडाच, साधी नर्सही तिथे नव्हती. "सैतान सोडत नाही" म्हणत त्याला खाटेला बांधलं आणि रात्रभर प्रार्थना केली. तिथल्याच एका मुलाने चोरून फोन केला म्हणून आम्हाला कळलं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आणलं तेव्हा मनगटांवर दोरीचे वळ होते आणि तो अंगावरच्या मुंग्या झटकत होता. अंगावर एकही मुंगी नव्हती. देवाच्या कृपेने आणि डॉक्टरांमुळे वाचला.

औषध घेणं म्हणजे अविश्वास, हे यांना कुणी शिकवलं? बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपल्या सोबतच्या लूकला 'प्रिय वैद्य' म्हटलंय. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये मिशनऱ्यांनीच उभं केलं.

पैसे परत मागितले तर त्यांनी पावतीवर बोट ठेवलं. फी म्हणून घेतलेल्या रकमेपुढे बारीक अक्षरात 'ऐच्छिक देणगी, परत मिळणार नाही'. शिक्क्यावर ट्रस्टचं नाव होतं, नोंदणी क्रमांक नव्हता.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचं व्यसनही येतं. अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीशिवाय रुग्णाला बांधता येत नाही. नोंदणीचा कागद मागा, रात्री फिट आली तर कोण बघणार ते विचारा. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगलाही फी नसते. भाऊ आता डॉक्टरांच्या औषधांसोबत तिथे जातो.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. तुमचं कुणी अशा ठिकाणी असेल आणि भेटू देत नसतील, तर महिना संपायची वाट बघू नका, आजच जा.