काथ्या की पोलाद?

भाच्याची गाडी रोज इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत. ब्रेकपॅड कुठले टाकू, काथ्यासारख्या वनस्पती-तंतूंचे की पोलादी तंतूंचे, यावर अडला होता.

खरा प्रश्न उष्णतेचा. काथ्या, ताग, अंबाडी हे तंतू 200 अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू, 300 च्या आसपास झपाट्याने विघटित होतात. ओंकारेश्वरच्या वाटेवरचा भेरूघाट उतरताना ब्रेक दाबून धरलात, तर पकड ढिली पडते. पोलादी तंतू तिथे टिकतात. पण डिस्क खातात, किंचाळतात, पावसात गंजतात. काथ्या ओल शोषतो, म्हणून आधी कॉस्टिक सोड्यात धुतात. ते नीट झालं नाही तर रेझिनला, म्हणजे पॅड बांधून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाला, तो घट्ट धरत नाही. काथ्या स्वस्त, हलका. खोक्यावरच्या ‘इको’ शब्दावर जाऊ नका.

शहरातल्या शहरात फिरणाऱ्या भाच्याला काथ्यावाले बरे. ओंकारेश्वरला माणसं भरून नेणाऱ्याला मात्र पोलादीच.